तौलनिक राजकारण म्हणजे काय? भारत-पाकिस्तानच्या एका कोड्यापासून सुरुवात

भारतात लोकशाही का टिकली, असं कोणालाही विचारून बघा. लग्नाच्या पंगतीत विचारा, निवृत्त मास्तरांना विचारा. उत्तरं ठरलेली असतात. इंग्रजांनी घडी बसवून दिली म्हणून. आपलं सैन्य शिस्तीचं, राजकारणात नाक खुपसत नाही म्हणून. पहिल्या पिढीचे पुढारी शिकलेसवरलेले, बॅरिस्टर होते म्हणून. आणि चौथं, देशात इतक्या जाती, इतक्या भाषा, की कोणा एकाला सगळ्यांच्या डोक्यावर बसणं जमणारच नाही म्हणून.

ऐकायला चारही पटतात. आता ही चारही उत्तरं उचला आणि वाघा सीमेच्या पलीकडे नेऊन ठेवा.

इंग्रजांची घडी पाकिस्तानलाही मिळाली होती. इंग्रजांनी केलेला १९३५ चा भारत सरकार कायदाच दोन्ही देशांनी सुरुवातीची काही वर्षं राज्यघटनेच्या जागी चालवला. तेच कलेक्टर, त्याच कचेऱ्या, तीच दंडसंहिता. सैन्य म्हणाल तर एकाच फौजेची वाटणी झाली. करिअप्पा आणि अयूब खान १९४७ पर्यंत त्याच फौजेचे अधिकारी. पुढे करिअप्पा भारताचे सरसेनापती झाले आणि मुदत संपल्यावर निवृत्त झाले. अयूब खान पाकिस्तानचे सरसेनापती झाले आणि १९५८ मध्ये देशच ताब्यात घेतला. बॅरिस्टरांचीही तिकडे वाण नव्हती. जिना लिंकन्स इनचे, लियाकत अली खान ऑक्सफर्डला शिकलेले. आणि वैविध्य? बंगाली, पंजाबी, सिंधी, पठाण, बलुच, शिवाय देशाच्या दोन तुकड्यांमध्ये अख्खा उत्तर भारत.

म्हणजे चारही उत्तरं अडखळली. ती साफ खोटी आहेत असं नाही. पण एकेकट्याने कोड्याचा भार पेलण्याइतकी ती मजबूत नाहीत, एवढं नक्की झालं. त्यासाठी आपल्याला ना दिल्लीच्या दप्तरात जावं लागलं, ना कोणाची मुलाखत घ्यावी लागली. नुसता शेजारचा देश बाजूला मांडला.

राज्यशास्त्रात या कामाला तौलनिक राजकारण म्हणतात. एखादी गोष्ट इथे झाली आणि तिथे झाली नाही, असं का, हा त्याचा मूळ प्रश्न. बाकी सगळा पसारा याच प्रश्नाची उत्तरं नीट कशी तपासायची यासाठी आहे.

पेपरमधला विषय आणि खरा विषय

आपल्याकडे बी.ए. किंवा स्पर्धा परीक्षा केलेल्यांना हा विषय वेगळ्याच रूपात भेटलेला असतो. आधी ब्रिटनची राज्यघटना, मग अमेरिकेची, मग स्वित्झर्लंडची, मग चीनची. शेवटी प्रश्न: 'ब्रिटिश पंतप्रधान आणि अमेरिकन अध्यक्ष यांच्या अधिकारांची तुलना करा.' मुलं वहीत मधोमध रेघ मारतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. यात तुलना आहे, नाही असं नाही, पण प्रश्न कुठे आहे? दोन याद्या शेजारी ठेवल्या की त्या आपोआप बोलत नाहीत.

ही तक्रार माझी एकट्याची नाही. रॉय मॅक्रिडिस या अभ्यासकाने १९५५ मध्ये अमेरिकेतल्या आपल्याच सहकाऱ्यांना हेच सुनावलं होतं. त्यांचं म्हणणं, आपला विषय नावालाच तौलनिक आहे. चार युरोपीय देशांच्या घटनांची वर्णनं करायची, कागदावरचे नियम सांगायचे, आणि त्या देशांत राजकारण खरोखर कसं चालतं याकडे पाठ फिरवायची. वेळही तशीच होती. आशिया-आफ्रिकेत नवे देश जन्माला येत होते आणि त्यांच्या घटना वाचून पुढे काय होणार याचा काहीच पत्ता लागत नव्हता. मग अभ्यासकांची नजर घटनेवरून पक्ष, सैन्य, जात, वर्ग, मतदाराची मनोवृत्ती अशा गोष्टींकडे वळली. आल्मंड आणि व्हर्बा यांनी तर अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली आणि मेक्सिको अशा पाच देशांत थेट लोकांनाच प्रश्न विचारले. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६३ मध्ये आलं.

विषय तसा फार जुना. ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ नगरराज्यांच्या राज्यव्यवस्थांची माहिती गोळा केली होती, असं परंपरा सांगते. त्यातली अथेन्सची नोंद शतकानुशतकं हरवलेली होती. ती इजिप्तमधल्या पपायरसच्या गुंडाळ्यांवर सापडली आणि १८९१ मध्ये छापली गेली. बाकीच्या नोंदींचे तुकडेच उरलेत. पण आधी उदाहरणं जमवायची आणि मग बोलायचं, ही त्याची सवय मला आजच्या टीव्हीवरच्या चर्चांपेक्षा बरीच पुढारलेली वाटते.

बांधाला लागून असलेली दोन शेतं

समजा दोन शेतं एकाच बांधाला लागून आहेत. माती तीच, पाऊस तोच, बियाणंही एकाच दुकानातलं. एकात ज्वारी कमरेएवढी आणि दुसऱ्यात गुडघ्याएवढी. शेतकरी लगेच विचारतो, या दोन शेतांत वेगळं काय केलं होतं? खत? पेरणीचा दिवस? जे सारखं आहे त्याला दोष देण्यात अर्थ नाही, हे त्याला शिकवावं लागत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात हीच रीत नियम म्हणून मांडली. जवळपास सगळं सारखं, फक्त परिणाम वेगळा, तर कारण त्या उरलेल्या फरकात शोधा. याच्या उलटही करता येतं. सगळं वेगळं आणि परिणाम मात्र एकच, तर त्या सगळ्यांत सामाईक काय आहे ते बघा. गंमत अशी की स्वतः मिलला समाजाच्या बाबतीत ही रीत चालेल यावर भरवसा नव्हता. कारण उघड आहे. शेतकरी पुढच्या हंगामात खत बदलून पुन्हा पेरून बघेल. देश पुन्हा पेरून बघता येत नाहीत. आणि दोन देशांमध्ये फरक एक नसतो, शंभर असतात. आरेंड लाइपहार्ट यांनी १९७१ च्या एका लेखात ही अडचण थोडक्यात सांगितली: तपासायचे घटक पुष्कळ आणि उदाहरणं मूठभर.

म्हणून सारखी जोडी मिळणं हे या विषयात भाग्य मानलं जातं. भारत-पाकिस्तान ही अशीच एक जोडी. तर पुन्हा तिकडे जाऊ.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. सिमूर लिप्सेट यांनी १९५९ मध्ये दाखवलं होतं की श्रीमंत देशांत लोकशाही जास्त आढळते. पुढे शेव्होर्स्की आणि लिमोंगी यांनी हे आणखी बारकाईने तपासलं. गरीब देशात लोकशाही येऊ शकते, पण टिकणं कठीण. या हिशेबाने बघितलं तर पाकिस्तानात नवल असं काहीच घडलं नाही. जगातल्या बहुतेक गरीब, नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांचं जे झालं तेच त्याचं झालं. कोडं भारताचं आहे! आपण 'पाकिस्तानचं काय बिघडलं' असं विचारतो, तेव्हा प्रश्नच उलटा धरलेला असतो.

मग वेगळं काय होतं? अभ्यासकांनी ज्या गोष्टींवर बोट ठेवलंय त्यांतल्या दोन मला वजनदार वाटतात.

पहिली म्हणजे पक्ष. काँग्रेस १८८५ मध्ये मुंबईत स्थापन झाली, पण खऱ्या अर्थाने पक्ष झाली ती १९२० च्या नागपूर अधिवेशनात. तिथे चार आणे वर्गणीचं सभासदत्व आलं, कार्यकारिणी आली, भाषेनुसार प्रांतिक समित्या आल्या. म्हणजे स्वातंत्र्याच्या सत्तावीस वर्षं आधीपासून तालुक्याच्या गावी बसून भांडायची, मतं मोजायची, हरलं तर रुसायची आणि तरी पक्षातच राहायची तालीम चालू होती. मुस्लिम लीगचं घर तसं नव्हतं. तिचे मोठे पुढारी संयुक्त प्रांत आणि मुंबई इलाख्यातले, म्हणजे जो भाग पाकिस्तानात गेलाच नाही तिथले. ज्या पंजाबवर पुढे पाकिस्तान उभा राहिला, तिथे १९३७ च्या निवडणुकीत लीगला मोजून दोन जागा मिळाल्या होत्या. १९४६ मध्ये तिने मुसलमानांसाठी राखीव असलेल्या जागा झपाट्याने जिंकल्या, त्याही मुख्यतः स्थानिक जमीनदार ऐनवेळी लीगमध्ये आले म्हणून. मग देश झाला. कराचीत पोहोचलेल्या कित्येक नेत्यांचा मतदारसंघ सीमेच्या अलीकडे राहिला होता. निवडणूक घेऊन त्यांना काय मिळणार होतं?

शिवाय निम्म्याहून जास्त लोक पूर्व बंगालात. एका माणसाला एक मत म्हटलं की सत्ता ढाक्याकडे सरकणार. १९५४ मध्ये पूर्व बंगालच्या प्रांतिक निवडणुकीत लीगचं पानिपत झालं. काही आठवड्यांतच केंद्राने निवडून आलेलं तिथलं सरकार बरखास्त केलं, आणि त्याच वर्षी गव्हर्नर जनरलने संविधान सभाही विसर्जित केली. राज्यघटना १९५६ मध्ये आली, १९५८ मध्ये लष्करी कायद्याने गुंडाळली. सगळ्या देशात प्रौढ मतदानाने पहिली थेट सार्वत्रिक निवडणूक झाली ती डिसेंबर १९७० मध्ये. भारतात ती १९५१-५२ मध्येच झाली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे सैन्य. शिस्तीची नव्हे, त्याच्या घडणीची गोष्ट. इंग्रजांनी 'लढाऊ जमाती' म्हणून पंजाबातून वारेमाप भरती केली होती. फाळणीनंतर पाकिस्तानी सैन्यावर एकाच प्रांताचा जबरदस्त पगडा राहिला. भारताच्या वाट्याला आलेली फौज त्या मानाने मिश्र होती. त्यातही नेहरूंच्या सरकारने तिचं वजन मुद्दाम उतरवलं. सरसेनापतीचा दिल्लीतला भव्य बंगला पंतप्रधानांचं निवासस्थान झाला, तेच आजचं तीन मूर्ती भवन. आणि १९५५ मध्ये सरसेनापती हे पदच मोडीत काढून तिन्ही दलांचे प्रमुख एका पातळीवर आणले. बंगल्याची गोष्ट लहान वाटते, पण फौजी माणसाला विचारा, बंगला कोणाला मिळाला हे तो कधी विसरत नाही.

आता वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणेल, सगळं सांगितलंत, धर्माचं बोललाच नाहीत. बरोबर आहे, दोन देशांत तो फरक आहेच, आणि एका जोडीने तो बाद करता येत नाही. इथे जोडीची मर्यादा लागते. त्यासाठी आणखी देश आणावे लागतात. जगात सर्वांत जास्त मुसलमान असलेल्या इंडोनेशियात १९९९ पासून निवडणुका नियमित होतायत, सत्ता बदलतेय. उलट म्यानमार आणि थायलंड हे बौद्ध देश, आणि तिथे लष्कराने किती वेळा सत्ता घेतली ते मोजायला बसावं लागतं. धर्माचा काहीच परिणाम नसतो असं यातून सिद्ध होत नाही, पण 'धर्मच कारण' म्हणणाऱ्याला आता बरंच स्पष्टीकरण द्यावं लागेल.

आणि भारतात 'टिकली' म्हणतानाही जून १९७५ ते मार्च १९७७ ही आणीबाणीची वर्षं हिशेबातून गाळायची नसतात.

चेवा आणि तुंबुका

माझ्या मते या विषयातली सगळ्यात देखणी तुलना आफ्रिकेतली आहे. झांबिया आणि मलावी हे शेजारी देश. दोन्ही इंग्रजांच्या ताब्यात होते, दोन्ही १९६४ मध्ये स्वतंत्र झाले. त्यांच्यातली सीमा १८९१ मध्ये इंग्रजांनी कारभाराच्या सोयीने आखली. ती रेघ ओढताना खाली कोण राहतं हे कोणी बघितलं नाही. ती चेवा लोकांच्या मधून गेली आणि तुंबुका लोकांच्याही मधून गेली. त्यामुळे दोन्ही समाज दोन्ही देशांत आहेत. भाषा तीच, चालीरीती त्याच, एकमेकांबद्दलच्या कुचाळक्याही त्याच.

डॅनियल पोझ्नर या अभ्यासकाने सीमेच्या अल्याड-पल्याडच्या गावांत जाऊन साधे प्रश्न विचारले. दुसऱ्या जमातीचा माणूस राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तर मत द्याल का? दुसऱ्या जमातीत लग्न कराल का? मलावीच्या बाजूला नकाराचं प्रमाण मोठं. काही किलोमीटर चालून झांबियात गेलं, की तेच लोक एकमेकांना भाऊबंद म्हणत होते.

म्हणजे 'त्यांच्या संस्कृतीच वेगळ्या, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर' हे उत्तर बाद. संस्कृतीतला फरक तर दोन्हीकडे तेवढाच आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात पोझ्नर यांनी दिलेलं उत्तर अंकगणिताचं आहे. मलावी लहान देश. तिथे चेवा आणि तुंबुका हे दोन्ही गट एकूण लोकसंख्येच्या मानाने मोठे, एकट्याच्या जिवावर सत्तेची स्वप्नं बघण्याइतके. त्यात हेस्टिंग्ज बांडा यांच्या राजवटीने १९६८ मध्ये चेवांच्या भाषेला राष्ट्रभाषा केलं आणि तुंबुका बाजूला सारली गेली. झांबिया मोठा. तिथे हे दोन्ही गट इतके लहान, की पुढाऱ्याला केवळ चेवांची मतं घेऊन करायचंय काय? म्हणून 'आपण सगळे पूर्वेकडचे' असं म्हणत दोघांची मोट बांधली जाते.

फरक असतोच. त्या फरकावर मतं मिळणार असतील तर पुढारी तो कुरवाळतात, नसतील तर झाकतात. हे वाचल्यावर मी आपल्याकडच्या जिल्हा परिषदांचं राजकारण वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागलो. तालुक्यात जे दोन समाज एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ते लोकसभेला एका झेंड्याखाली कसे येतात, याचं नवल कमी झालं.

देशाच्या आतली तुलना

तुलनेला दोन देशच लागतात असंही नाही. दोन राज्यं, दोन शहरं चालतात. उलट ती बरी, कारण घटना, न्यायालय, पंतप्रधान सगळं सारखं राहतं. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या पुस्तकात भारतातली शहरं जोड्यांनी घेतली: अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. दोन्हीकडे मुसलमान लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं, मग एकीकडे दंगली आणि दुसरीकडे शांतता का? त्यांचं उत्तर होतं, जिथे हिंदू-मुसलमान एकाच व्यापारी संघात, कामगार संघटनेत, पक्षात रोज एकत्र बसतात तिथे अफवा पेट घेत नाही. नुसती शेजारी घरं असून भागत नाही, एकत्र कामाची बैठक लागते.

याचं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. भिवंडी १९७० मध्ये पेटली होती, १९८४ मध्ये पुन्हा पेटली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार, ९०० माणसं मेली. यंत्रमागांची ती भिवंडी, दंगलीचं गाव म्हणून बदनाम झालेली, त्या वेळी शांत राहिली. मधल्या काळात, १९८८ पासून, तिथले पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलिस त्यांत नियमित भेटत.

पण याच प्रश्नावर स्टीव्हन विल्किन्सन यांनी २००४ मध्ये दुसरं उत्तर दिलं. दंगल थांबवायची की चालू द्यायची हे राज्य सरकार ठरवतं, आणि सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तिथे पोलिस वेळेवर पोहोचतात. दोघांचाही पुरावा भक्कम आहे. मला विचाराल तर दंगल रात्रभरात विझणं हे विल्किन्सनचं गणित वाटतं आणि मुळात ठिणगीच न पडणं हे वार्ष्णेय यांचं.

सिंगापूरवाले काका

प्रत्येक घरात एक काका असतात. जेवताना ते म्हणतात, "या देशाला हुकूमशहाच पाहिजे. सिंगापूर बघा!"

काकांची चूक काय, हे तौलनिक राजकारण फार सोप्या रीतीने सांगतं. त्यांनी यशस्वी झालेला हुकूमशहा आधी निवडला आणि मग हुकूमशाहीने यश मिळतं असं ठरवलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी पेपरात पहिल्या आलेल्या मुलाची मुलाखत येते, 'रोज पहाटे चारला उठायचो.' पहाटे चारला उठून नापास झालेल्यांची मुलाखत कोणी घेत नाही. बार्बरा गेडिस यांनी १९९० मध्ये अभ्यासकांनाच याबद्दल झापलं होतं. भरभराट झालेले देश तेवढे निवडायचे आणि त्यांच्यात सामाईक दिसेल ते कारण ठरवायचं, ही खोड विद्वानांनाही असते.

सिंगापूरच्या ली क्वान यू यांच्या शेजारी म्यानमारचे ने विन ठेवा. १९६२ मध्ये सत्ता घेतली, २६ वर्षं कोणी विचारणारं नव्हतं. एके काळी जगाला तांदूळ पुरवणारा तो देश १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सर्वांत अविकसित देशांच्या यादीत जाऊन बसला. काँगोचे मोबुटू ठेवा, युगांडाचे इदी अमीन ठेवा. मग काकांना विचारा, चिठ्ठी टाकून हुकूमशहा काढायचा असेल तर कोणाची चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त?

शब्द तोच, वस्तू वेगळी

तुलनेआधी आणखी एक कटकट असते. आपण एकाच वस्तूची मोजदाद करतोय ना? अयूब खान यांनी १९५९ मध्ये 'मूलभूत लोकशाही' नावाची पद्धत आणली. लोकांनी ८०,००० स्थानिक प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष. १९६० मध्ये या प्रतिनिधींना विचारलं गेलं, तुमचा अयूब खान यांच्यावर विश्वास आहे का? ९५ टक्क्यांहून जास्त 'होय' आले. १९६५ मध्ये जिनांच्या भगिनी फातिमा जिना त्यांच्या विरोधात उभ्या राहिल्या, तीही निवडणूक याच ८०,००० मतांची. नुसतं 'निवडणूक झाली का' एवढंच मोजलं तर ही लोकशाही भरते. जोव्हानी सार्तोरी यांनी १९७० मध्ये बजावलं होतं, की शब्द जास्त देशांना लागू व्हावा म्हणून ताणत गेलात तर शेवटी त्यात काही उरत नाही.

आज लोकशाहीचे निर्देशांक निघतात तेव्हा भांडण याच जागी होतं. २०२१ मध्ये फ्रीडम हाउस या अमेरिकन संस्थेने भारताला 'अंशतः मुक्त' म्हटलं, व्ही-डेम या स्वीडनमधल्या संस्थेने 'निवडणुकीवर चालणारी एकाधिकारशाही' म्हटलं, आणि भारत सरकारने ते धुडकावलं. गुणांवरून हमरीतुमरी करण्याआधी बघायचं ते हे, की गुण दिले कोणी, कोणत्या प्रश्नांना, आणि त्यात तज्ज्ञांच्या मताचा वाटा किती. मला स्वतःला शेव्होर्स्की यांची जुनी कसोटी हाताशी ठेवायला आवडते: सत्तेवरचा पक्ष निवडणूक हरतो का, आणि हरल्यावर घरी जातो का? १९७७ मध्ये काँग्रेस हरली आणि गेली. पाकिस्तानात एका निवडून आलेल्या सरकारने पूर्ण मुदत संपवून निवडणुकीतून दुसऱ्याकडे सत्ता सोपवली, असं पहिल्यांदा घडलं २०१३ मध्ये.

४ नोव्हेंबर १९४८

तुलना ही केवळ विद्वानांची करमणूक नाही, हे बघायचं तर संविधान सभेतलं त्या दिवशीचं डॉ. आंबेडकरांचं भाषण काढून वाचा. मसुदा मांडताना ते अमेरिकन आणि ब्रिटिश पद्धती शेजारी ठेवतात, पण वहीत रेघ मारून नव्हे. त्यांचा प्रश्न नेमका आहे. कार्यकारी मंडळ स्थिर हवं आणि जबाबदारही हवं, पण दोन्ही सारख्या मापाने देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकेत स्थैर्य जास्त, ब्रिटनमध्ये जबाबदारी जास्त. ब्रिटिश पद्धतीत सरकारची झडती रोज होते, प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वासाच्या प्रस्तावातून. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलंय, असं ते सरळ सांगतात. घटना उसनी आहे या टीकेवरही त्यांचं उत्तर होतं, की घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मक्तेदारी नसते.

बेचाळीस वर्षांनी, १९९० मध्ये, हुआन लिंझ यांनी अध्यक्षीय पद्धतीच्या धोक्यांवर निबंध लिहिला. लॅटिन अमेरिकेकडे बोट दाखवून ते म्हणाले, अध्यक्ष आणि संसद दोघांनाही जनतेने निवडलेलं, भांडण झालं तर तोडगा कोण काढणार? चिलीत १९७० मध्ये साल्वादोर आयेंदे सुमारे ३६ टक्के मतांवर अध्यक्ष झाले, संसदेशी पटलं नाही, आणि १९७३ मध्ये लष्कराने डाव उलथला. संसदीय पद्धतीत एवढ्या मतांवर आघाडी तरी करावी लागली असती. युक्तिवाद जोरदार आहे. फक्त लॅटिन अमेरिकेत अध्यक्षांबरोबर बलाढ्य सैन्यही आहे, भयानक विषमताही आहे, अमेरिकेचा हस्तक्षेपही आहे. दोष नेमका कोणाच्या माथी मारायचा? शेत एकाच बांधाला लागून नसलं की असं होतं.

आता बांगलादेश

शेवटी आपलंच उत्तर उलटून बघू. भारतात रुजलेला पक्ष होता म्हणून लोकशाही टिकली, असं वर मी बऱ्यापैकी ठामपणे लिहिलंय. ते बांगलादेशावर लावू.

अवामी लीग १९४९ मध्ये स्थापन झाली. गावोगाव पोहोचलेली, भाषेच्या आंदोलनातून तावूनसुलाखून निघालेली, स्थानिक नेतृत्वाची. १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा तिने जिंकल्या. असा पक्ष मुस्लिम लीगकडे कधीच नव्हता. देश स्वतंत्र झाला १९७१ मध्ये. जानेवारी १९७५ मध्ये याच पक्षाच्या सरकारने घटना बदलून एकपक्षीय राजवट आणली. १५ ऑगस्ट १९७५ ला लष्करातल्या अधिकाऱ्यांनी शेख मुजीबुर रहमान यांची हत्या केली आणि पुढची पंधरा वर्षं बहुतांश जनरलांची गेली.

मग पक्षाचं उत्तर चुकलं? काहीजण म्हणतात, अवामी लीग सतत बाहेरच्याशी लढली, आतल्या आत हरण्या-जिंकण्याची काँग्रेससारखी तालीम तिला मिळालीच नाही. दुसरे म्हणतात, पक्ष सोडा, फौज बघा. मुक्तिसंग्रामात लढलेले आणि पाकिस्तानातून परत आलेले अशी ती सुरुवातीपासूनच दुभंगलेली होती.

यातलं कोणतं खरं, हे ठरवायला मी श्रीलंका घेऊन बघितली. तिथे प्रौढ मताधिकार १९३१ मध्येच आला, पण काँग्रेससारखी जनतेची चळवळ झाली नाही, चार आण्यांचे सभासद झाले नाहीत. तरीही यादवी युद्ध सोसून तिथे निवडणुका होत राहिल्या, सरकारं हरत आणि बदलत राहिली. म्हणजे मोठा पक्ष असून लोकशाही गेली असा एक देश, आणि मोठी चळवळ नसून राहिली असा एक. जानेवारी १९६२ मध्ये काही लष्करी आणि पोलिस अधिकाऱ्यांनी कोलंबोतही सत्ता घ्यायचा कट केला होता. तो सुरू होण्याआधीच फुटला. का फुटला, हे बघायचं तर आता कोलंबो आणि पाकिस्तानी सैन्याचं मुख्यालय असलेली रावळपिंडी शेजारी मांडावी लागतील.